दिसत नाही ना? मग झालं

माझ्या बाबांना कुणी "वा, काय सुंदर काम केलंय!" असं म्हटलं असतं, तर त्यांच्या छातीत धस्स झालं असतं. काम दिसलं म्हणजे काम फसलं. बाबा रफूवाले. त्यांच्या धंद्यात कौतुकाचं एकच वाक्य चालायचं, ते म्हणजे "दिसत नाही". गिऱ्हाईक आलं की बाबा कपडा खिडकीपाशी न्यायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "शोधा." मग गिऱ्हाईक चष्मा काढायचं, चष्मा लावायचं, कपडा नाकाला लावायचं. "अहो, इथंच कुठंतरी जळलं होतं की!"

"दिसत नाही ना?"

"नाही हो."

"मग झालं," असं म्हणून बाबा घडी घालायचे. तीस वर्षांत या बोलण्यात अक्षराचा फरक पडला नाही. लहानपणी मी शाळेतून थेट दुकानात जायचे आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत "मग झालं!" असं ओरडायचे. मग बाबा बोटातलं लोखंडी टोपण माझ्या टाळूवर टकटक वाजवायचे.

दुकान काही त्यांचं नव्हतं. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात खिडकीजवळचा कोपरा त्यांचा. एक उंच स्टूल, वाकणाऱ्या मानेचा दिवा, सुयांचा डबा. मागं दिवसभर वाफेच्या इस्त्रीचं फुस्स फुस्स. त्या वाफेत बाबा पाठीचा कणा धनुष्यासारखा करून बसायचे आणि दुसऱ्यांच्या कपड्यांची भोकं बुजवायचे. दोरा बाहेरचा घ्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. ज्या कपड्याला भोक, त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून, तळाच्या दुमडीतून दोरा ओढून काढायचा आणि त्यानंच विणायचं. बाहेरचा दोरा कितीही जुळणारा आणला तरी दोन धुण्यांनंतर चुगली करतो, असं ते म्हणायचे.

लग्नानंतर अकरा वर्षांनी मी झाले. संसाराला उशिरा लागलेलं ठिगळ, असं बाबा हसून सांगायचे, आणि मला हाकही तीच मारायचे. "ए ठिगळ, जेवलीस का?" रफूवाल्याच्या तोंडात ठिगळ म्हणजे शिवी. ठिगळ लावणाऱ्या शिंप्यांबद्दल ते जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मला म्हणताना त्या शब्दात नुसता गूळ असायचा.

आई बसच्या डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसायची. त्या खिडकीतून बारा महिने वारा यायचा, म्हणून तिला एक लोकरी कोट होता. बाटलीसारखा हिरवा, सहा मोठी बटणं. मी चौदा वर्षांची असताना ती आठवड्याच्या आजारात गेली. तिचं बाकी सगळं आम्ही हळूहळू वाटून टाकलं, पण कोट दारामागच्या खुंटीवर राहिला. दर रविवारी सकाळी बाबा तो ब्रशनं झटकायचे. कॉलर, खांदे, बाह्या, मग पाठ. मी त्या वेळी चहा उकळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात थांबायचे.

मी कलेच्या कॉलेजात गेले तेव्हा बाबांना वाटलं, चित्रं काढायला शिकेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तिसऱ्या वर्षी आम्हाला समकालीन कला शिकवायला एक बाई आल्या. बारीक, तुटक बोलणाऱ्या, पायात कायम पुरुषी बूट. त्यांनी प्रत्येकाला एक जाड वही दिली. तिचं नाव प्रतिसाद-वही. दर आठवड्याला एक प्रदर्शन बघायचं आणि स्वतःला काय झालं ते लिहायचं. 'छान', 'सुंदर' आणि 'वेगळं' या तीन शब्दांवर बंदी. "कलाकाराला काय म्हणायचंय ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय झालं ते सांगा. काहीच झालं नाही, तर तेही लिहा. पण खोटं लिहू नका."

माझा पहिला प्रतिसाद असा होता: 'एका रिकाम्या खोलीत नळ ठिबकत होता आणि त्याचा आवाज मोठा करून ऐकवत होते. दहा मिनिटं उभी राहिले. घरचा नळ आठवला. चकती बदलायची राहिलीय.' बाईंनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'प्रामाणिक. पण थांबू नकोस, पुढं जा.'

मग मी अशी पुढं गेले की विचारू नका. एका प्रदर्शनात एक भलंमोठं भरतकाम टांगलं होतं, पूर्ण भिंतभर. चाळीस बायकांनी सहा महिने बसून भरलेलं, आणि पाटीवर नाव एकट्या कलाकाराचं. माझं डोकं फिरलं. मी वहीत लिहिलं, 'त्या चाळीस बायका म्हणजे काय सुया होत्या का? काम झालं की डब्यात टाकून झाकण लावायचं?' बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. आठवडाभर मी जमिनीवरून चार बोटं वरच चालत होते.

त्याच भरात बाबांना ते प्रदर्शन दाखवायला नेलं. बाबांनी पाटीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ कापडाजवळ गेले, कोपरा उचलला आणि उलटा केला. पहारेकरी धावत आला. "हात लावू नका! हात लावू नका!"

"अहो, मागची बाजू बघतोय," बाबा शांतपणे म्हणाले. "पुढून काय, सगळेच गोड असतात."

पहारेकऱ्यानं त्यांना एक पाऊल मागं उभं केलं. बाबा तिथूनच मला बोटानं दाखवायला लागले. "हे बघ, इथपर्यंत एक हात आहे. इथून दुसरी बाई बसली. ही डावरी आहे. हिला घाई होती, घरी मूल असेल लहान. आणि ही बघ, हिचं दुखणं काढून उठल्यावरचं काम असणार, दोरा ओढायला जोरच नाही." मी तोंडात बोट घालायचंच काय ते राहिलं होतं. बायकांची नावं कुठंयत म्हणून मी वहीत बोंब मारली होती, आणि या माणसानं एकेकीला ओळखून काढलं होतं. पण ते मी वहीत लिहिलं नाही. बाबांचं बोलणं म्हणजे काही प्रतिसाद असतो, असं तेव्हा मला वाटलंच नाही.

शेवटच्या वर्षाचं काम सुरू झालं आणि माझं घोडं अडलं. मी जे दाखवीन ते बघून बाई मान हलवायच्या. "हात फार चांगला आहे तुझा. तीच अडचण आहे. सगळं नीटनेटकं. मला यात तुझं दुखलेलं काहीच दिसत नाही." त्या संध्याकाळी घरी आले, दार लावलं आणि दारामागच्या कोटाकडं बघत उभी राहिले. माझं दुखलेलं तिथंच टांगलेलं होतं.

काम असं होतं. कोट अंधाऱ्या खोलीत मधोमध टांगायचा. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला, त्याच्याच बटणाएवढं एक गोल भोक. कोटाच्या आत दिवा. भोकातून उजेड बाहेर पडणार आणि समोरच्या भिंतीवर एक ठिपका दिसणार. तुम्ही मधे उभे राहिलात की तो ठिपका तुमच्या छातीवर. कामाचं नाव 'जागा'. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा दंड दाबला.

बाबांना मी सांगितलं, "आईचा कोट प्रदर्शनात लावणार आहे." एवढंच. बाबांचा चेहरा असा उजळला की पुढचं माझ्या तोंडून निघेना. त्यांनी स्वतः कोटाला वाफ दिली, कापडी पिशवीत घातला आणि दोन्ही हातांवर आडवा घेऊन मला दिला. कॉलेजात जाऊन मी दार लावलं, खडूनं बटण गिरवलं आणि कात्री चालवली. कापलेला तुकडा केरात गेला. पुढचं सांगायला अजून दिवस आहेत, असं रोज मनाला बजावत राहिले.

त्या दिवसांत बाबा सुईत दोरा ओवायला मला हाक मारायला लागले होते. मी वैतागायचे. "बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या की!" ते म्हणायचे, "घेतो, घेतो."

प्रदर्शन अकराला उघडणार होतं आणि बाहेरून येणारे परीक्षकही अकरालाच येणार होते. बाबांना मी चारला बोलावलं होतं. साडेदहाला मी पाट्या छापून घेऊन वर आले, माझ्या खोलीचं दार ढकललं, आणि भिंतीवर ठिपका नव्हता. आधी वाटलं, दिवा गेला. पण दिवा चालू होता. कोटाच्या तळातून, बाह्यांतून उजेड सांडत होता. छाती मात्र बंद होती. कोटाशेजारी स्टुलावर बाबा बसले होते, मांडीवर सुयांचा डबा.

"आलीस? ये, ये. घाबरू नकोस. सगळं ठीक झालंय."

"काय ठीक झालंय?"

"सातलाच आलो होतो. खाली पहारेकऱ्याला म्हटलं, मी तिचा बाप, सोडा वर. म्हटलं, माणसं येणार, कोटावर एक कण नको, ब्रश मारून जावं. तर छातीवर भोक!" मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "आणि कसर लागलेली नव्हती हां ती. कसरीचं भोक मी डोळे मिटून ओळखीन. कडा बघितल्या मी. कात्री होती. कुणीतरी डूख धरून केलंय, ठिगळ. इथं तुझ्यावर जळणारं कुणीतरी आहे. पण तू बोलू नकोस. आता कुणाला कळायचंच नाही." ते उठले, कोटाची छाती दिव्याच्या उजेडात माझ्यापुढं धरली. "शोध."

मी शोधलं. ज्या जागी मी स्वतः खडू फिरवला होता, कात्री घातली होती, ती जागा मला सापडेना. लोकरीचा पीळ तसाच, हिरव्याच्या आतली काळसर झाक तशीच. बाबांचे डोळे तिखट गेल्यासारखे लाल झाले होते, पाणी वाहत होतं.

"दिसत नाही ना?"

"नाही."

"मग झालं!" ते इतके खूश होते की दिवा लावायची गरज नव्हती त्या खोलीत. "तळाच्या दुमडीत होता नव्हता तेवढा दोरा लागला बघ. आता पुन्हा भोक पाडू देऊ नकोस कुणाला. दोराच नाही."

मला काय झालं ते सांगते, बाईंच्या नियमाप्रमाणे, खोटं न बोलता. मला राग आला. माया नाही, भरून आलं नाही, काही नाही. नुसता राग. साडेतीन तास डोळे फोडून या माणसानं माझं वर्ष बुडवलं, असं वाटलं. ओरडले नाही, एवढंच काय ते. म्हटलं, "बाबा, तुम्ही घरी जा. आता माणसं येतील."

"चारला येऊ ना?"

"नको. गर्दी असते. मी सांगीन नंतर."

"बरं, बरं," म्हणत त्यांनी डबा पिशवीत टाकला. जिन्याच्या कठड्याला हात लावून, एकेक पायरी पायानं चाचपत ते खाली निघाले. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी घड्याळाकडं बघत होते. पावणेअकरा. बाबांची पावलं जिन्यावर वाजत होती तेव्हाच मी बटण शोधलं, कारण नुसत्या डोळ्यांना जागा कळत नव्हती. खडूनं गोल काढला आणि कापलं. हिरवी चकती माझ्या तळहातावर पडली. भिंतीवर ठिपका आला. तोवर पावलं वाजायची थांबली होती.

परीक्षक त्या ठिपक्यात बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "हे भोक तुम्ही स्वतःच्या हातानं पाडलंत?"

"हो."

"हात थरथरला नाही?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं, दोन्ही वेळा.

मी पहिली आले. दुसऱ्या एका शहरात मोठं प्रदर्शन होतं, तिथं पाच महिन्यांसाठी कोटाची निवड झाली. ती चकती मी प्रतिसाद-वहीत डिंकानं चिकटवली आणि खाली सगळं लिहून काढलं. बाईंनी वही परत केली तेव्हा त्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती: 'वडिलांना सांगितलंस?'

सांगणार होते. रविवारी सांगू म्हटलं. पण शनिवारीच बाबांनी त्यांचं सांगून टाकलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना आठ महिन्यांपूर्वीच बारीक काम बंद करायला बजावलं होतं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता, तो वाढणार होता, आणि त्यावर उपाय नव्हता. "आता काय, जिकडं बघावं तिकडं मधोमध भोक," बाबा हसले. "कुठंकुठं रफू करू?" मी हसले नाही म्हणून ते माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटचं काम घरचं झालं. तुझ्या आईचं झालं. असं कुणाच्या नशिबात असतं?"

मग सांगा, काय तोंडानं सांगायचं होतं मी?

बाबांनी कोपरा सोडला. पण रोज सकाळी दुकानात गप्पा मारायला जायचे, आणि तिथं येणाऱ्या जाणाऱ्याला धरून सांगायचे, "माझ्या पोरीच्या प्रदर्शनात माझंही काम लागलंय. दिसत नाही, पण आहे!" सगळे हसायचे. इस्त्रीवाले काका मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बापाचं नाव काढलंस हो." घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले.

आणि दर रविवारी तोच प्रश्न. "कोट कधी येतोय?" हातात ब्रश, तोंड रिकाम्या खुंटीकडं. "मला एकदा बोट फिरवायचंय त्यावरून. बघायला नाही जमायचं, पण बोटाला कळेल."

"येईल, बाबा."

"तसंच आहे ना ते? धरलंय ना?"

"तसंच आहे."

एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. शेवटी एका सकाळी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मला रफू शिकवा."

 बाबा उठून भिंत धरत धरत गेले आणि सुयांचा डबा घेऊन आले. "तुला? कॉलेज शिकलेल्या पोरीला?" त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "आता? दुकान सुटल्यावर सुचलं होय तुला, ठिगळ?" मी का शिकतेय, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठी.

चार महिने आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. जुन्या लोकरी चिंध्या, त्यांना मी पाडलेली भोकं, आणि मी. आधी उभे दोरे ताणायचे, मग आडवा दोरा एक वर एक खाली, कडेला वळताना दोरा सैल सोडायचा. बाबा माझं काम उलटं करून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं की चिंधी माझ्या अंगावर यायची. "हे काय केलंस? गोणपाट शिवतेस?" "हे ठिगळ झालं, ठिगळानं केलेलं ठिगळ!" शिव्या देताना ते दहा वर्षांनी लहान दिसायचे. माझी एक खोड काही केल्या जाईना. डावीकडं वळताना दोरा ओढला जायचा आणि कापड तिथं चिमटायचं. "डावीकडं ओढतेस," ते रोज म्हणायचे. "कशाची घाई असते गं तुला डावीकडं?" शंभरावर चिंध्या झाल्या. शंभरांतल्या प्रत्येकीवर बाबांचं नख डाव्या कडेला येऊन थांबलं.

कोट परत आला तेव्हा बाबा दुकानात होते. पेटी उघडली, कोट काढला. भोकाच्या कडा लोकांच्या हातांनी थोड्या विसविशीत झाल्या होत्या. आणि दोरा? तळाची दुमड मी उसवून बघितली. बाबांनी खरंच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आतल्या शिलाईत चार बोटांएवढे तुकडे, तेही कुजलेले. बाहेरचा दोरा घालणं मला शक्य नव्हतं. चार महिन्यांत एवढी तरी मी त्यांची झाले होते.

आईच्या कोटाचा दोरा जगात एकाच ठिकाणी उरला होता. प्रतिसाद-वहीच्या त्या पानावर.

पान कोमट पाण्यात भिजवलं, चकती सोडवली, डिंक धुतला. चकती आहे तशी परत बसवता आली असती तर! पण कापलेली कड बसवायची म्हणजे ठिगळ. बाबांनी जे साडेतीन तासांत विणलं होतं ते उसवायला मला दोन दिवस लागले. बाबा दुकानात गेले की मी बसायचे. सुईच्या टोकानं एकेक दोरा उचलून बाहेर काढायचे. उलट्या बाजूनं प्रत्येक वळण बघितलं मी, कुठं ते थांबले, कुठं त्यांना दिसलं नसेल आणि बोटानं चाचपून पुढं गेले. त्या भरतकामापुढं उभं राहून बाबा जसं वाचत होते, तसं मला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आलं, आणि वाचता वाचता मी ते पुसत होते. तिसऱ्या दिवशी त्याच दोऱ्यानं, तुकडे जोडत जोडत, मी भोक विणलं.

रविवारी सकाळी खुंटीवर कोट होता. "बाबा, आलाय," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश घेतला नाही. हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. कोट मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. कॉलरवरून हात फिरवला, पहिल्या बटणावर आले, तिथून मोजून चार बोटं डावीकडं. आत हात घालून कापड उलटं केलं आणि अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. माझा जीव त्या नखाखाली होता.

नख डाव्या कडेला येऊन थांबलं.

परत फिरलं. परत तिथंच थांबलं.

"डावीकडं ओढलंय," बाबा म्हणाले.

त्यांनी नख तिथंच दाबून धरलं.

"हे तुझं आहे."

"हो."

"माझं कुठंय?"

"कापलं." मग एकदम सगळं बाहेर पडलं. "मी कापलं, बाबा. त्याच दिवशी. तुम्ही जिना उतरत होतात तेव्हा. परीक्षकांना भोक बघायचं होतं, ते भोक म्हणजेच काम होतं, मी तुम्हाला सांगणार होते, रोज सांगणार होते..."

त्यांनी हात वर केला. मी थांबले. त्यांनी तोंड खुंटीच्या दिशेनं वळवलं.

"म्हणजे आधीची कात्रीही तुझीच."

"हो."

"आणि मी सगळ्या कॉलेजाला शिव्या घालत बसलो." त्यांना हसू आलं असावं, पण ते ओठापर्यंत येऊन विझलं. मग ते नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाले, "दोरा कुठून आणलास? बाहेरचा नाही हा."

हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं. "तुमचाच," मी म्हटलं. "तुम्ही विणलेलं उसवलं आणि तोच घेतला."

"सगळं उसवलंस?"

"सगळं. त्याशिवाय पुरत नव्हता."

"म्हणजे माझं आता कुठंच नाही."

"नाही, बाबा."

हातून कप फुटला, भाजी करपली, पहिल्या वर्षी मी नापास झाले, दर वेळी बाबा एकच म्हणायचे, "असू दे गं." मी जमिनीवर त्यांच्या पायांपाशी बसले होते, हुंदके देत होते, आणि निर्लज्जासारखी त्या "असू दे"ची वाट बघत होते. ते आलं नाही. मला मारलं असतं, घराबाहेर काढलं असतं, तरी इतकं लागलं नसतं.

थोड्या वेळानं ते उठले. कोट घेऊन खिडकीपाशी गेले, डाग चुकवायला मान तिरकी केली आणि कोटाची छाती उजेडात धरली, तीस वर्षं धरत आले तशी.

"शोध," ते म्हणाले.

शोधायचं काय त्यात? दारातून दिसत होतं. जुन्या जखमेच्या व्रणासारखी डावी कड वर आली होती, सांधलेल्या दोऱ्यांच्या गाठी उजेडात चमकत होत्या. खोटं बोलायची मला चांगली सवय झाली होती, पण या वेळी जीभ वळली नाही.

"दिसतंय, बाबा."

"कुठं?"

मी त्यांचं बोट हातात घेतलं आणि त्या जागी नेऊन टेकवलं. त्यांनी ते तसंच ठेवलं. खाली रस्त्यावरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं.

"हं," बाबा म्हणाले. "माझंही इथंच होतं."